नीला मिराशीचे चार महिने

मकरंद मिराशी घराबाहेर पडताना कुलूप लावून झाल्यावर ते तीनदा ओढून बघत असे. कोपऱ्यावर ब्रेड आणायला निघाला तरी वरच्या टाकीत पाणी किती असेल याचा अंदाज घेऊन निघे, आणि गॅसचा कॉक आठवून अर्ध्या वाटेतून परत फिरे. अशा माणसाला त्याची बायको एका रविवारी सकाळी दोसा उलटता उलटता म्हणाली, "आपण चार महिने बाहेर जाऊ या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी."

"कुठे?"

"धुबरी, हाफलाँग, पासीघाट, झिरो."

मकरंदला वाटलं, ही चेष्टा करतेय. पण नीलाने दोसा त्याच्या ताटात सरकवला, चटणीची वाटी पुढे केली आणि समोर बसली. कामाचं बोलायचं असलं की ती अशीच हात पुसून समोर बसायची.

आसाम-अरुणाचलातली ही नावं तिने नकाशात बोट ठेवून शोधली नव्हती. के. आर. पुरमजवळच्या सरकारी टेलिफोन कारखान्यात दोघांचीही नोकरी झाली. तो आराखडे काढणाऱ्या विभागात, ती चाचणी विभागात. सांगलीहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन ती एकटीच बेंगळूरला आली, तेव्हा तिला कानडीचा एक शब्द येत नव्हता आणि चाचणी विभागात दुसरी बाई नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजच्या यंत्रांचं प्रत्येक कपाट तिच्या हाताखालून पास होऊन जायचं. मग ते लाकडी पेटीत बंद व्हायचं आणि पेटीवर काळ्या रंगाने गावाचं नाव उमटायचं. नीला जेवणाची सुट्टी सोडून ते नाव बघायला थांबायची. हाफलाँग कुठे आहे, तिथे काय पिकतं, थंडी किती असते, हे ती कॉलनीच्या वाचनालयात जाऊन शोधायची. मकरंदशी तिची ओळखही त्या वाचनालयातच झाली होती. भला मोठा नकाशासंग्रह टेबलावर पसरून ती बसली होती आणि त्याला वर्तमानपत्र ठेवायला जागा मिळत नव्हती.

"तीस वर्षं मी या गावांना सामान पाठवलं," ती आता म्हणाली. "कुणी बोलावलं नाही आपल्याला, पण जायला काय हरकत आहे?"

"जाऊ की. आठ-दहा दिवसांची टूर बघू एखादी."

"टूर नको. मला तिथे राहायचंय. भाजी आणायची, पाणी तापवायचं, दुकानदाराला आपला चेहरा ओळखीचा व्हायला हवा. एकेका गावात तीन-चार आठवडे तरी."

मकरंदने नाही म्हटलं नाही. बायकोला सरळ नाही म्हणायची सवयच त्याला नव्हती. त्याने फक्त खाली बोट दाखवलं. टेबलाखाली त्यांचा कुत्रा, बोंडा, झोपला होता.

बोंडा तेरा वर्षांचा होता. कारखान्याच्या फाटकासमोर बोंड्याची गाडी लागायची, तिच्याखाली तो सापडला म्हणून त्याचं नाव बोंडा. आता त्याला ऐकू येत नव्हतं, एका डोळ्यात ढग उतरला होता, आणि नीलाच्या हातचं सोडून तो कुणाच्या हातचं खात नव्हता. शिवाय मिरी नावाची काळी मांजर होती. ती कुणाच्याही हातचं खायची आणि कुणाचीच नव्हती. गच्चीवर मोगऱ्याच्या कुंड्या होत्या, बोअरवेलची कुरकुरणारी मोटर होती, आणि मुळात ते घर होतं. दोघांनी मिळून बांधलेलं, खाली तीन खोल्या आणि वर एक.

"याचं काय करणार?" मकरंदने विचारलं. आपण हुकमाचं पान टाकलं, असं त्याला मनातून वाटलं.

"तेच ठरवायचंय," नीला म्हणाली. "अजून पाच महिने आहेत."

*

आधी तिने कुत्र्यांचं वसतिगृह पाहिलं. शहराबाहेर होतं, जागा मोठी, स्वच्छ, माणसं प्रेमळ. मोबाइलवर कुत्रं दिसायची सोयही होती. बोंडाला चाचणी म्हणून तिथे ठेवलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला तो बसलाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने पाण्यालाही तोंड लावलं नाही. नीलाने मोबाइल बंद केला आणि टॅक्सी बोलावली. येताना बोंडा तिच्या मांडीवर थरथरत होता आणि मकरंद पुढच्या सीटवरून मागे वळून बघत होता. त्याला कुत्र्याची दया येत होती, पण सुटल्यासारखंही वाटत होतं. संपलं, आता विषय निघायचा नाही.

घरी आल्यावर बोंडाने वाटीभर दहीभात चाटूनपुसून खाल्ला. नीला त्याच्याजवळ जमिनीवर बसून होती.

"चला, एक तर कळलं," ती म्हणाली. "हा कुठे जाणार नाही. म्हणजे कुणीतरी इथे यायला हवं."

मकरंदला नीलाची हीच गोष्ट उभ्या आयुष्यात कधी पुरती कळली नव्हती. एखादी गोष्ट फसली की तो म्हणायचा, फसली. ती म्हणायची, कळलं.

मुलगी शमिका हेब्बाळला राहायची. तिच्या सोसायटीत कुत्र्यांबद्दल इतके नियम होते की माणसांना जागा मिळते हेच विशेष. शिवाय तिचा स्वभाव आईसारखाच सडेतोड. "आई, या वयात चार महिने? आणि बोंडाच्या या वयात?" तिने फोनवर विचारलं. नीला म्हणाली, "त्याचं वय थांबणार नाही आणि माझंही. मी दोघांचाही विचार करतेय." शमिकाला ते पटलं नाही.

रत्नाबाई भेटल्या त्या जनावरांच्या दवाखान्यात. बाकावर नीला बोंडाला घेऊन बसली होती, शेजारी मकरंद फाइल घेऊन. एक साठी उलटलेल्या, उंच, खणखणीत आवाजाच्या बाई तेलाच्या रिकाम्या डब्यात एक जखमी मांजर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अक्का, स्वल्प सरका की तिकडं."

मराठी ऐकून नीला चमकली. बाईंनी चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या घराण्यांपैकी एकाचं नाव सांगितलं, आणि महाराष्ट्र आपण एकदाच पाहिलाय, तोही सहलीच्या बसमधून, हेही सांगून टाकलं. राजाजीनगरच्या कानडी शाळेत त्या गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मांजर त्यांचं नव्हतं, रस्त्यावरचं होतं. "घरी ठेवायला जागा न्हाई. मलाच जागा न्हाई तर ह्याला कुठली?" असं म्हणून त्या मोठ्याने हसल्या.

हसताना त्यांनी सहज सांगितलं ते असं, की मुलाच्या घरात त्या हॉलमध्ये झोपतात. टीव्ही बंद झाला की त्यांचा दिवस संपतो आणि सुनेचा मिक्सर लागला की सुरू होतो. मुलगा चांगला, सून चांगली, नातवंडं गोड. तक्रार अशी काहीच नाही. "पण अक्का, माझी म्हणून एक खोली आजवर झालीच न्हाई बगा. माहेरी सहा भावंडं, सासरी अकरा माणसं, मग हे असं."

मकरंदने बायकोकडे पाहिलं. ती हात पुसत होती. रुमाल कोरडा होता, हातही कोरडे होते. पुढे काय होणार हे त्याला तिथेच कळलं.

*

नीलाने घाई केली नाही. आधी रत्नाबाई मेट्रोने दुपारच्या चहाला आल्या. मग जेवायला आल्या. बोंडाने पहिल्या दिवशी त्यांना हुंगलं आणि पाठ फिरवली. रत्नाबाईंनी त्याला कुरवाळायचा प्रयत्नही केला नाही. खुर्चीवर बसून त्या नुसत्या बघत राहिल्या. वर्गात नवीन आलेल्या पोराकडे बघावं तसं.

आठवडाभराने त्या म्हणाल्या, "अक्का, तुम्ही त्याला खायला द्यायच्या आधी पाय आपटता, ठाऊक हाय का तुम्हाला?"

"मी?"

"हां, तुम्हीच. डावी टाच, दोनदा. त्याला ऐकू येत न्हाई न्हवं, पण फरशी हलते ती कळते. तो हात बघत न्हाई, टाच बघतो."

नीला खळखळून हसली. त्या संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन लपली. खाली रत्नाबाईंनी डावी टाच दोनदा आपटून वाटी ठेवली. बोंडा उठला, थबकला, वाटीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. आणि खाल्लं. मकरंद दाराआडून बघत होता. त्याच्याही नकळत तो टाळी वाजवणार होता.

मग रत्नाबाई एक रात्र राहिल्या. पुढच्या वेळी नीला आणि मकरंद हेब्बाळला शमिकाकडे गेले आणि घर रत्नाबाईंवर सोडलं. आधी दोन दिवस, नंतर आठवडा. हेब्बाळच्या त्या आठवड्यात मकरंद रोज तळ्याकाठी फिरायला जाई आणि रोज म्हणे, "फोन करून बघू या का, मोटर बंद केली का त्यांनी?" नीला म्हणे, "नको. चुकलं तर आत्ताच चुकू दे. आपण अर्ध्या तासावर आहोत तोवर." एकदा मोटर खरंच चालू राहिली. टाकी भरून वाहिली, गच्चीवरचं पाणी शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर गेलं. रत्नाबाईंनी शेजारणीची कानडीत माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी नव्या मिरच्या आणून दिल्या. त्या दोघींची मग अशी गट्टी जमली, जी नीलाची वीस वर्षांत जमली नव्हती.

घोडं अडलं ते रत्नाबाईंच्या मुलापाशी. सयाजी बँकेत होता, मातृभक्त होता, आणि त्याला ते अपमानाचं वाटलं. आईने दुसऱ्याच्या घरी जाऊन कुत्रं सांभाळायचं? राजाजीनगरमधले नातेवाईक काय म्हणतील? नीला मकरंदला घेऊन थेट त्याच्या घरी गेली. हॉलमध्ये सगळे बसले, भिंतीला टेकून ठेवलेली रत्नाबाईंची गादीही तिथेच होती. कॉफी आली.

सयाजीने सुरुवातच केली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पण आई कामाला जाणार हे आम्हाला—"

"कामाला नाही येत त्या," नीला म्हणाली. "राहायला येताहेत. मी माझं घर त्यांना देतेय चार महिने. वरची खोली, स्वयंपाकघर, गच्ची, सगळं. बोंडा त्या घरातच असतो, इतकंच. मी परगावी जातेय, तशा त्याही जाताहेत. त्यांचं परगाव के. आर. पुरम."

सयाजीने आईकडे पाहिलं. रत्नाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. वर्गासमोर चाळीस वर्षं बोललेल्या बाई त्या घटकेला एक शब्द बोलल्या नाहीत. मुलाने नाही म्हटलं असतं तर त्या नाहीच म्हणून बसल्या असत्या, हे मकरंदला दिसलं. सयाजीलाही दिसलं असावं.

"आई, तुला जायचंय?"

"जायचंय रे," रत्नाबाई म्हणाल्या. "खूप जायचंय."

"सरी, बरं, मग जा," सयाजी म्हणाला. पण कॉफी त्याने अर्धी तशीच टाकली.

निघायच्या आधी नीला एकटी डॉक्टरांकडे जाऊन आली. काय बोलली ते तिने मकरंदला परतल्यावर सांगितलं. "त्यांना म्हटलं, त्याला त्रास होत असेल आणि उपाय नसेल, तर माझी वाट बघायची नाही. रत्नाबाईंना आणि तुम्हाला जे योग्य वाटेल ते करायचं." हे सांगताना तिचा आवाज जागेवर होता. बोंडाच्या मानेखाली मात्र ती कितीतरी वेळ खाजवत बसली.

*

धुबरीत टेलिफोन एक्स्चेंजची इमारत कुलूपबंद निघाली. अंगणात गवत माजलेलं, कोपऱ्यात मोबाइलचा मनोरा. मकरंदला वाटलं, ही हिरमुसणार. नीला फाटकाच्या गजांतून आत बघत राहिली आणि म्हणाली, "मी काय कपाट बघायला आले होते?" मग दोघं ब्रह्मपुत्रेवर गेले. इतकं पाणी एका नदीत असू शकतं हे मकरंदला प्रत्यक्ष बघूनही पटेना.

हाफलाँगला ते महिनाभर राहिले. तिथे डोंगरावरच्या बाजारात आलं आणि मिरची विकणाऱ्या दिमासा जमातीच्या बायकांत नीला जाऊन बसायची. भाषा येत नसताना ती एवढ्या गप्पा कशा मारते, हे कोडं मकरंदने सोडवायचा नाद सोडला. तिला अनोळखी माणसाचं भय कसं ते ठाऊकच नव्हतं. एकटी पोर बेंगळूरला आली होती तेव्हाही नसणार. रत्नाबाईंचा दर रविवारी फोन येई. अवरेकाळूचा, म्हणजे तिकडच्या पावट्याचा, हंगाम सुरू झाला होता आणि त्या शेजारणीला घेऊन बसवनगुडीपर्यंत जाऊन आल्या होत्या. मिरी त्यांच्या उशाशी झोपत होती. बोंडा बरा होता.

पासीघाटला त्यांनी सियांग नदीजवळ आदी जमातीच्या एका कुटुंबाच्या घरी खोली घेतली. बांबूच्या भिंती, मध्ये चूल, परसात संत्र्याची झाडं. दाराला कुलूप नव्हतंच, नुसती लाकडी खुंटी. पहिल्या रात्री मकरंद दोनदा उठला. चार-पाच रात्रींनी उठायचा थांबला.

आणि एका सकाळी, रविवार नसताना, रत्नाबाईंचा फोन आला.

"अक्का, बोंडा उठंना. मागचे पाय चालंनात त्याचे. डॉक्टर येऊन गेले. कण्यात काहीतरी सरकलंय म्हणतात. मी घाबरले न्हाई, पण सांगितल्याबिगर राहवंना."

"दुखतंय का त्याला?"

"काल दुखत होतं. सुई दिली, आता निवांत हाय. खातोय. शेपूट हलवतोय."

नीलाने फोन ठेवला. "मी जाऊन येते," ती म्हणाली. मकरंदने पलंगाखालून दोन्ही बॅगा ओढल्या आणि आपले शर्ट भरायला लागला. नीलाने त्याच्या बॅगेतून शर्ट काढून परत दोरीवर टाकले.

"तुम्ही थांबा."

"मी? एकटा?"

"खोली आपलीच आहे. सामान इथे राहू दे. मी परत येणार आहे."

दिब्रुगढच्या विमानतळाकडे जाणाऱ्या गाडीत ती बसली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मकरंद तिथेच उभा राहिला. ती येणार नाही, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. त्या कुत्र्याला तशा अवस्थेत बघून तिचा पाय कसा निघणार? आठवडाभरात फोन येईल, या तुम्ही सामान घेऊन, आणि आपण जाऊ. घराच्या आठवणीने त्याला बरंही वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

लग्नानंतर तो एकटा असा कधी राहिलाच नव्हता. पहिल्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घरमालकिणीने त्याला हाताला धरून चुलीपाशी बसवलं आणि भात आणि उकडलेल्या पाल्याचं ताट पुढ्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन जाऊन बसला. मग तिच्यासोबत संत्री उतरवायला गेला. नदीवर जाऊन गोटे बघत बसला. संध्याकाळी कुणी विचारलं, तुमची बाई कुठे, तर तो हाताने विमान करून दाखवी आणि मग तोच हात गोल फिरवून परत आणी. येणार आहे. दिवसातून चार वेळा तसं दाखवून त्यालाच ते थोडं थोडं खरं वाटायला लागलं.

शमिकाचा फोन आला तेव्हा ती जवळजवळ ओरडतच होती. "बाबा, आई परत निघाली! डॉक्टर म्हणतात, वर्षभर काढेल, नाहीतर महिनाभरसुद्धा नाही काढणार. आणि ही तिकीट काढून बसलीय. तुम्ही सांगा तिला."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तुला जमतं तरी कसं?"

"मग?"

शमिकाचा आवाज खाली आला. "म्हणाली, मला जमत नाही गं. पण जाते."

मकरंदने नीलाला फोन केला. काही सांगण्यासाठी नाही, ऐकण्यासाठी. नीला म्हणाली, "रत्नाबाई त्याच्या पोटाखालून पंचा घालतात आणि मागचं अंग उचलून त्याला अंगणात फिरवतात. मला एवढं वजन उचलवत नाही, माझी पाठ धरते. मी इथे बसून राहिले तर बरं मला वाटेल, त्याला नाही. आणि अहो, मी थांबले तर रत्नाबाई वरची खोली सोडून उद्या राजाजीनगरला निघतील. मी त्यांना फेब्रुवारीपर्यंतचा शब्द दिलाय."

ती आली त्या दिवशी तो दुपारपासून गाडीतळावर उभा होता. नीला सगळ्यात शेवटी उतरली, हातात चकल्यांचा डबा आणि त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या. घरी जायच्याऐवजी ती नदीच्या रस्त्याला लागली. गोट्यांवर बसली आणि रडली. कारखान्यातून निवृत्त झाली त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, आई गेल्याचा फोन आला तेव्हाही ती आधी सगळ्यांची तिकिटं काढून मग रडली होती. मकरंद शेजारी बसला. बऱ्याच वेळाने त्याने खिशातून संत्रं काढून सोललं आणि अर्धं तिच्या हातावर ठेवलं.

"हे कुठलं?" तिने नाक पुसत विचारलं.

"मी उतरवलंय," तो म्हणाला. "झाडावर चढून."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग रडता रडता हसायला लागली.

*

झिरोच्या थंडीत त्यांनी सगळे कपडे एकावर एक घालून तीन आठवडे काढले आणि फेब्रुवारी संपता संपता घरी आले. दार उघडंच होतं. आतून फोडणीचा वास येत होता आणि रत्नाबाई शेजारणीशी कानडीत बोलत होत्या.

बोंडा उठला. आपला आपण उठला. मागचा एक पाय फरफटत, तिरका तिरका चालत तो नीलाच्या बुटांपाशी आला. बूट हुंगले, तिचे हात हुंगले, शेपूट दोन-चारदा हलवली. आणि परत वळून रत्नाबाईंच्या खुर्चीखाली जाऊन आडवा झाला.

मकरंदने झटकन बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नीलाने ओठ आत ओढून घेतले होते. याचसाठी तर तिने सगळी मेहनत केली होती, की आपण नसलो तरी त्याचं अडू नये. आणि ते साधलं होतं. तिला ते दुखलं आणि तिने दुखू दिलं. मग ती खाली वाकली, बोंडाच्या पाठीवरून हात फिरवला आणि रत्नाबाईंना म्हणाली, "किती छान ठेवलंत हो त्याला."

"तो पण मला ठेवला बगा," रत्नाबाई म्हणाल्या.

दोन-तीन दिवसांत बोंडा पुन्हा नीलाच्या पायांपाशी झोपायला लागला, पण रत्नाबाई खोलीतून उठल्या की त्याची मान त्यांच्यामागे वळायची. शनिवारी सयाजी आईला न्यायला येणार होता. शुक्रवारी संध्याकाळी रत्नाबाई गच्चीवर नीलाजवळ आल्या. हातात वाळलेले कपडे होते आणि ते त्या घडी घालून परत उलगडत होत्या.

"अक्का, एक विचारू? न्हाई म्हटलंत तरी चालंल."

"वरच्या खोलीचं ना?" नीला म्हणाली. "मीच विचारणार होते. तुम्हाला संकोच होईल म्हणून थांबले."

शनिवारी सयाजी आला. कॉफी झाली. रत्नाबाईंनी या वेळी स्वतःच सांगितलं, खिडकीबाहेर न बघता. शनिवार-रविवार राजाजीनगर, नातवंडं, सगळे सण तिकडेच. बाकीचे दिवस इथे. भांडण नाही, रुसवा नाही, फक्त एक खोली. सयाजी ऐकत होता. चार महिन्यांत आईचा चेहरा बदलला होता आणि ते त्याला दारातच दिसलं होतं, हे मकरंदने हेरलं होतं.

सयाजीने कॉफीचा पेला पूर्ण रिकामा केला.

"वरच्या खोलीत पंखा आहे ना?" त्याने विचारलं. "उन्हाळा येतोय. तिला उकाडा सहन होत नाही."

पंखा होता, पण जुना, आवाज करणारा. तो बदलायचं ठरलं. पुढच्या आठवड्यात सयाजी सामानाची रिक्षा करून आला. तिच्यात नवा पंखा होता, एक लोखंडी कपाट होतं आणि रत्नाबाईंची गादी होती. जिना अरुंद. गादी वळणावर अडली. वरून सयाजी ओढत होता, खालून मकरंद ढकलत होता, रत्नाबाई दोघांनाही वर्गात रागवावं तसं रागवत होत्या, आणि नीला कठड्याला धरून सांगत होती, "अहो, उभी करा, उभी! जाईल, अशी जाईल."